काळा घोडा आणि आपला कापूस

दापोरा, बुऱ्हाणपूर या बाजूची मंडळी मुंबईला जातात ती बहुधा लग्नकार्याला, नातेवाइकांकडे, नाहीतर दवाखान्याच्या कामाला. शनिवार-रविवार जोडून निव्वळ भटकायला जाण्याची पद्धत आपल्याकडे नवी. यंदा आम्ही सहकुटुंब गेलो तेव्हा मुलांना चौपाटी नको होती, त्यांना 'काळा घोडा' पाहायचा होता. आर्ट गॅलऱ्या, कॅफे, उंची कपड्यांची दुकाने, भिंतीपुढे उभे राहून फोटो काढणारी तरुण मंडळी असा तो भाग. तिथल्या कॉफीच्या एका कपाच्या पैशात आपल्याकडे घरभर पोहे होतील. पण त्या इमारती बघत चालताना आम्हाला राहून राहून एकच वाटत होते, की या झगमगाटात आपल्या काळ्या मातीचाही वाटा आहे आणि तो कुठल्याच पाटीवर लिहिलेला नाही.

मुंबईच्या या भागाला आजही 'फोर्ट' म्हणतात, पण किल्ला कुठे दिसत नाही. इंग्रजांच्या वस्तीभोवती तटबंदी होती, तिला दरवाजे होते. त्यातल्या चर्चकडच्या दरवाजाचे नाव चर्चगेट स्टेशनाला राहिले, दरवाजा गेला. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६२ पासून पुढे, हा तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवी मुंबई (आजची वाशीकडची नव्हे!) उभी राहिली. हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, काळा घोड्याच्या इमारती सगळ्या त्यानंतरच्या.

एवढा पैसा आला कुठून? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, तिकडचा कापूस बाहेर पडेना आणि इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मग सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानकडे वळल्या. गुजरात, वऱ्हाड, खानदेश आणि त्याला लागून असलेला आपला तापीकाठ इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. तेव्हा रेल्वे इकडे पुरती पोहोचलीही नव्हती. थळ घाटातून गाडी धावू लागली ती १८६५ साली. तोवर घाट बैलगाडीनेच उतरायचा. गाडीवानांनी किती रात्री रस्त्यात काढल्या असतील, त्याची नोंद कोण ठेवणार.

मुंबईत मात्र पैशाचा पूर आला. रोज नवी कंपनी, नवी बँक, शेअरांचा सट्टा. त्या बाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद. त्यांनी विद्यापीठाला ४ लाख रुपये दिले, त्यातून ग्रंथालय आणि आईच्या नावाचा राजाबाई टॉवर झाला. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलैला हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा बाजार बुडाला. खुद्द प्रेमचंदांचे दिवाळे निघाले. टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. घाट फुटून रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी भाव पडावा, याला शेतकऱ्याचे नशीब म्हणावे की दुसरे काही? चढत्या भावाच्या काळात घेतलेले कर्ज उतरत्या भावात फिटेना. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्यामागे हेही एक कारण होते. व्यापाऱ्यांच्या नावाचे टॉवर झाले, कुणब्यांच्या वाट्याला खतपत्रे आली.

आता घोड्याविषयी. मूळ पुतळा होता प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्डचा, काळ्या घोड्यावर बसलेला. तो आल्बर्ट ससून यांनी १८७९ मध्ये दिला. ससून हे बगदादहून आलेले ज्यू घराणे, व्यापार कापसाचा आणि अफूचा. त्या अफूत आपल्या शेजारच्या माळव्याची अफूही पुष्कळ. जवळच डेव्हिड ससून लायब्ररी आहे, ती १८७० ची. लोकांनी मात्र ना राजपुत्राचे नाव लक्षात ठेवले ना ससूनचे, घोड्याचे ठेवले. १९६५ साली पुतळा उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, तरी चौकाचे नाव तेच. २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा बसवला, या वेळी स्वार नाही. तो घडवला श्रीहरी भोसले या शिल्पकारांनी. आम्हाला हा बिनस्वाराचा घोडा जास्त आवडला.

आपल्या माणसांच्या खुणाही तिथे आहेत, शोधाव्या लागतात एवढेच. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले आणि १९१२ मध्ये बी. ए. झाले. समोरच्या लोखंडी सांगाड्याच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली. ते पाहून आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला. ती इमारत आज आधारावर उभी आहे. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट तिथे सगळेच सांगतात. आम्हाला ती जरा जास्तच सुबक वाटते.

स्टेशनाकडे परतताना हुतात्मा चौक लागतो. आपल्यासारख्यांना तिथून पटकन पुढे जाता येत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर-वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेले, आपला निमाड इकडेच राहिला. मराठी घरात बोलायची, अर्ज हिंदीत लिहायचे, हे तेव्हापासून. तक्रार नाही, पण त्या स्मारकापुढे मुलांना हे सांगावेसे वाटले आणि सांगितले.

मुलांनी विचारले, आपल्या बुऱ्हाणपुरात असे काही का नाही? होते की! सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निए येऊन गेला, त्याने लिहिले आहे की इथली तलम मलमल इराण, तुर्कस्थान, पोलंडपर्यंत जाते. तेव्हा जगातली शौकीन माणसे बुऱ्हाणपूरचे कापड अंगावर घालत, आणि मुंबई म्हणजे कोळ्यांची बेटे होती. पुढे कापड जाऊन नुसता कच्चा कापूस जाऊ लागला, आणि आता कापसाच्या जागी केळीचे ट्रक जातात.

जाणाऱ्यांनी रविवारी सकाळी लवकर जावे, गर्दी नसते. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, तिथे पैसे लागत नाहीत. शेजारचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ चे, त्याला निदान तीन तास द्यावेत. आणि मूळ स्वार पाहायचा असेल तर राणीच्या बागेत जावे. मुले तिथे पेंग्विनसाठी तशीही नेणारच आहेत.