मंदावलेली नजर : मुंबईतील नऊ कुटुंबे आणि स्ट्रासबर्गचे प्रतिपिंड

१/ १९७१ साली ‘ब्रेन’ या ब्रिटिश नियतकालिकात मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नऊ कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेल्या एका मेंदूविकाराचे वर्णन त्यात होते. त्या विकाराचे मूळ सापडायला पुढे पंचवीस वर्षे लागली. त्या शोधात एका प्रतिपिंडाचा मोठा वाटा होता. त्याची ही हकिकत.

२/ या विकारात लहान मेंदू हळूहळू झिजतो. चालताना तोल जातो, हात थरथरतो, बोलणे अडखळते. अशा आनुवंशिक विकारांची वर्णने युरोपात एकोणिसाव्या शतकापासून होत होती. मात्र लक्षणे एकमेकांत इतकी मिसळलेली की एक विकार कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे सांगणे अवघड होते.

३/ वाडिया व स्वामी यांनी रुग्णांच्या डोळ्यांकडे पाहिले. निरोगी डोळा एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर क्षणार्धात झेप घेतो. या रुग्णांची नजर मात्र सरपटत गेल्यासारखी जाई. हा निराळाच विकार आहे, असे त्यांनी मांडले. तपासणीला यंत्र लागत नाही. दोन बोटे समोर धरून रुग्णाला आळीपाळीने त्यांकडे पाहायला सांगितले की पुरते.

४/ पण निराळा म्हणजे नेमका कशाने? १९७१ साली याचे उत्तर देण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. क्यूबातील होल्गिन प्रांतात याच धाटणीच्या विकाराची अनेक कुटुंबे होती. त्यांच्या अभ्यासातून १९९३ साली दोषाचा पत्ता बाराव्या गुणसूत्रापर्यंत लागला. जनुक मात्र हाती आले नव्हते.

५/ येथे प्रतिपिंडाचा प्रवेश होतो. प्रतिपिंड म्हणजे शरीराने परक्या पदार्थाला ओळखण्यासाठी घडविलेले प्रथिन. एका ठरावीक आकाराला ते नेमके चिकटते. १९७५ साली कोलर आणि मिल्श्टाइन यांनी केंब्रिजमध्ये एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची रीत शोधली आणि संशोधकांना रेणू हुडकण्याचे साधन मिळाले.

६/ फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘१सी२’ नावाचे असे एक प्रतिपिंड तयार झाले होते. ते मेंदूविकारासाठी नव्हतेच. जनुकांचे वाचन सुरू करून देणाऱ्या एका सर्वसाधारण प्रथिनाचा अभ्यास करण्यासाठी ते घडविले होते. त्या प्रथिनात ग्लुटामिन या अमिनो आम्लाची लांब माळ असते आणि १सी२ नेमके त्या माळेला चिकटत असे.

७/ हंटिंग्टनच्या विकारातही ग्लुटामिनची माळ प्रमाणाबाहेर लांबते, हे तोवर कळले होते. १९९५ साली त्रोतिए, मांदेल आणि सहकाऱ्यांनी दाखविले की माळ जितकी लांब, तितके १सी२ अधिक घट्ट चिकटते. बाराव्या गुणसूत्राशी निगडित विकाराच्या रुग्णांतही त्याला असे एक अनोळखी प्रथिन सापडले.

८/ पुढची पायरी तर्काला धरून होती. मानवी जनुकांचे तुकडे जिवाणूंकरवी प्रथिनांत उतरवायचे आणि १सी२ कोणाला चिकटते ते पाहायचे. या चाळणीतून सहा नवी जनुके निघाली आणि त्यांतील एक या विकाराचे ठरले. वर्ष होते १९९६. त्याच वेळी जपान आणि अमेरिकेतील दोन गटही स्वतंत्र मार्गांनी त्याच जनुकापाशी पोहोचले.

९/ स्ट्रासबर्गच्या गटाने तपासलेल्या निरोगी जनुकांत ‘सीएजी’ या अक्षरत्रयीची आवर्तने १७ ते २९ होती, तर सदोष जनुकांत ३७ ते ५०. आवर्तने जितकी जास्त, तितका विकार लवकर. संततीत ती वाढू शकतात. म्हणून बापाला चाळिशीत झालेला आजार मुलाला विशीतही गाठू शकतो.

१०/ १९९८ साली डॉ. वाडिया आणि सहकाऱ्यांनी याच जनुकाचा दोष असलेल्या सहा भारतीय कुटुंबांचा अभ्यास ‘ब्रेन’मध्येच मांडला. निदानात मंद नजरेचे महत्त्व हाच त्याचा गाभा होता. सत्तावीस वर्षांपूर्वी डोळ्यांत दिसलेल्या खुणेला आता जनुकाचा आधार मिळाला होता.

११/ आज निदान रक्तातील डीएनएवरून होते. १सी२चे काम मुख्यतः प्रयोगशाळेत, मेंदूच्या ऊतींतील लांबलेली प्रथिने दाखविण्याचे. विकार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. बाधिताच्या प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे ‘तपासणी करून घ्यावी का’ हा प्रश्न आजही घरोघरी जड जातो.

१२/ डॉ. वाडिया यांना २०१२ साली पद्मभूषण मिळाले. विकार आता ‘एससीए २’ या रुक्ष नावाने ओळखला जातो. ‘वाडिया–स्वामी’ हे नाव क्वचितच कानी पडते. प्रतिपिंडाने प्रथिन दाखविले, डीएनएने आवर्तने मोजली. पण नाशिकच्या एखाद्या दवाखान्यात तोल जाणारा रुग्ण आला, तर नेमकी कोणती तपासणी सांगावी, याची दिशा आजही त्या दोन बोटांच्या परीक्षेतून मिळू शकते. (समाप्त)