जुने अमेरिकन घड्याळ : पूर्वपीठिका व निगा

भिंतीवरील लंबकाच्या अमेरिकन घड्याळांचे माहेर म्हणजे कनेटिकट राज्य. तेथे एली टेरी यांनी १८०७ ते १८१० या काळात ४००० लाकडी यंत्रांची घड्याळे केली. त्यांचे सहकारी सेथ थॉमस यांनी १८१३ साली स्वतंत्र धंदा मांडला. नंतर त्या गावासच थॉमस्टन हे नाव मिळाले. पुढे पितळी चक्रे आली व घड्याळ सामान्यांच्या घरी पोचले.

असे घड्याळ बंद पडल्यास मोडीत घालू नये. पुष्कळदा तेल सुकून धूळ बसलेली असते, किंवा ते तिरके टांगलेले असते. जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावे. मात्र तबकडी नव्याने रंगवू नये, आतील कारखान्याची कागदी चिठ्ठी खरवडू नये. सातबाऱ्यावर खाडाखोड झाली की त्यावरचा विश्वास जातो, तसेच हे आहे. जीर्णोद्धार म्हणजे जुने पुसणे नव्हे, जुने राखणे होय, एवढे ध्यानी असावे, ही नम्र विनंती.