परीक्षानळीतली परीक्षा

शाळेतल्या परीक्षेत मूल उत्तीर्ण झाले की आपण पेढे वाटतो. पण एक परीक्षा अशीही आहे की, तीत उमेदवार उत्तीर्ण झाला म्हणजे परीक्षकाचाच चेहरा उतरतो. हा उमेदवार म्हणजे क्षयाचा जंतू. आणि परीक्षा, तो औषधाला दाद देतो की नाही याची. ऐन दिवाळीत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ही हकीकत आपल्या घरादाराशी निगडित आहे, आणि ती अजून संपलेली नाही.

१८८२ च्या मार्च महिन्यात रॉबर्ट कॉख याने बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. वैरी ओळखू आला, पण शस्त्र हाती नव्हते. पाचच वर्षांनी आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यास क्षयाने गेल्या. वयाला बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. शस्त्र गवसायला १९४३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन निघाले.

ब्रिटनला हे औषध फार थोडे मिळाले. तेव्हा तेथील वैद्यकीय संशोधन मंडळाने १९४७ साली बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांनुसार तरुण रोग्यांचे दोन गट केले. ५५ जणांना विश्रांतीबरोबर औषध, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत विश्रांतीच्या गटातले १४ दगावले, औषधाच्या गटातले अवघे ४. केवढा आनंद झाला असेल! पण पाच वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा औषधाच्या गटातले ३२ आणि दुसऱ्या गटातले ३५ जण गेलेले होते.

असे का व्हावे? उत्तर प्रयोगशाळेत मिळाले. औषध घेणाऱ्यांपैकी ४१ जणांचे जंतू तपासले, तर ३५ जणांच्या जंतूंना औषध बाधेनासे झाले होते. फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यांत काही मूळचेच चिवट. औषधाने बाकीचे मेले की रान मोकळे होऊन त्यांचीच प्रजा वाढते. म्हणून पुढे दोन-तीन औषधे एकत्र देऊ लागले. एकाला चुकविणारा दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. पण कोणता जंतू कोणाला चुकवितो, हे कळायचे कसे?

त्यासाठी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील जॉर्ज कानेत्ती याने एक रीत बसविली. १९६३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात ती इतर दोन रीतींबरोबर प्रसिद्ध झाली. कोंबडीची अंडी फोडून, त्यांत क्षार, ग्लिसरीन व एक हिरवा रंग मिसळून ते मिश्रण परीक्षानळीत तिरके ठेवून उष्णतेने थिजवायचे. काही नळ्यांत औषध घालायचे, काहींत नाही. दोहोंवर रोग्याच्या बेडक्यातले जंतू पेरायचे. औषधाच्या नळीत शंभरात एक जरी वसाहत उगवली, तरी जंतू दाद देत नाही असे समजायचे. इतका साधा हिशेब!

अडचण एकच, वेळ. एरवीचे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात; क्षयाच्या जंतूला जवळजवळ एक दिवस लागतो. आधी जंतू वाढवा, मग परीक्षा घ्या. यात दोन-तीन महिने जातात. तोवर रोगी चुकीचे औषध घेत असतो, आणि त्याच्या खोकल्याने तोच चिवट जंतू घरातल्या लेकरापर्यंत पोहोचू शकतो.

२०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या यंत्राने ही वाट दोन तासांवर आणली. जंतू वाढण्याची वाट न पाहता ते त्याच्या जनुकातच रिफाम्पिसिनला न जुमानण्याची खूण शोधते. २०२० साली गोव्यातील एका कंपनीच्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रालाही तशी मान्यता मिळाली. मात्र अशी झटपट परीक्षा मोजक्याच औषधांपुरती असते. बाकीच्यांसाठी अजूनही जंतू वाढवून पाहावे लागतात.

तेव्हा घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला तर नुसत्या काढ्यावर भागवू नये. बेडका तपासून घ्यावा. आणि क्षय निघालाच, तर जंतूची परीक्षा झाली का, हेही डॉक्टरांना विचारावे. त्या पंचावन्न तरुणांना औषध मिळाले होते. हा प्रश्न विचारण्याची सोय मात्र त्यांच्या वेळी नव्हती.