चाक बोलून राह्यलं

परवा गाडीची जुनी चाकं पुन्हा बसवून आणली. साधे काळे लोखंडी रिम आणि त्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या. पुतण्याचं तोंड एवढंसं झालं. झाल्या प्रकारात चूक त्याच्याइतकीच, खरं तर त्याच्यापेक्षा जास्त, माझी होती. म्हणून हे लिहून ठेवतोय.

तर झालं असं. दिवाळीत पुतण्या वणीला आला होता. आमची गाडी त्याला म्हातारी वाटायची. ओळखीच्या एका दुकानातून त्याने १५ इंची रुंद अलॉय आणले आणि चाकं जरा बाहेर दिसावीत म्हणून १० मिलीमीटरचे स्पेसर टाकले. स्पेसर म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती. गाडी रुबाबदार दिसायला लागली, खोटं कशाला बोलू!

आठेक दिवसांनी मागून आवाज सुरू झाला. टुक... टुक... टुक. एका मिस्त्रीने बॅलन्सिंग करून दिलं. आवाज कायम. दुसऱ्याने मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं. पैसे गेले, आवाज राहिला. मग मी सगळ्यात सोपा उपाय केला. काचा वर, रेडिओ मोठा.

मागच्या सीटवर बाबा बसायचे. पहिल्या दिवसापासून त्यांचं एकच म्हणणं. "अरे, चाक बोलून राह्यलं. नट पाह्य एकदा."

मी म्हणायचो, "बाबा, चाकं नवीन आहेत. रस्त्याचा आवाज असेल."

बाबा आता ऐंशीच्या घरात. घरात टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारी मालिका ऐकतात. त्यांना चाकाचा आवाज काय ऐकू येणार, असं माझ्या मनात होतं. आता कळतंय की म्हातारपणी आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात. जड ठोके राहतात, आणि ते कानाइतकेच सीटमधून अंगालाही कळतात.

आणि बाबांचा कान तयार कुठे झाला होता, हे मला आठवायला हवं होतं. पंचवीस-तीस वर्षं कोळशाचे ट्रक, आणि त्याआधी आजोबांची बंडी.

आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. हा सगळा मुलूख काळ्या मातीचा. इंग्रजांच्या काळात वणीच्या नावावरून आख्ख्या जिल्ह्याला 'वूण' म्हणत, १९०५ साली त्याचं यवतमाळ झालं. नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. त्याच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत जायचा. पाऊस पडला की काळ्या मातीत चाक रुतून बसतं, मग पाठच बरी. पुढे पक्के रस्ते झाले, कापूस रेल्वेपर्यंत न्यायचा झाला, तसं बंड्यांचं राज्य सुरू झालं.

त्या चाकाची रचना बाबा आजही बोटांवर सांगतात. मध्ये तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे आणि सगळ्यावर लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहानच करायची. गोवऱ्यांच्या आगीत लाल केली की ती दोन-तीन सेंटीमीटर वाढते. मग सांडशीने उचलून चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती आवळते आणि सगळे सांधे घट्ट धरते. नट नाही, बोल्ट नाही.

पण उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं आणि धाव ढिली होते. ती बोलते. बाबांच्या लहानपणी असा आवाज आला की बंडी निरगुडा नदीत नेऊन उभी करत. रात्रभरात लाकूड फुगायचं आणि आवाज बंद. कर्कश किंचाळलं तर आसाला वंगण हवं. खडखड आली तर तुंब्यातलं लोखंडी बूश झिजलंय. लहान पोरांनाही हे कळायचं, कारण चाक चालतं तोवर बोलतंच असायचं.

आणखी एक गोष्ट, स्पेसरवरून आठवलेली. आपण 'चाकोरी' म्हणतो ती मुळात चाकांनी पाडलेली खाच. धाव अरुंद, ती मातीत खोल कापत जायची. मग दोन चाकांमधलं अंतर सगळ्यांना सारखं ठेवावं लागायचं. ज्याची बंडी चार बोटं रुंद, त्याचं एक चाक खाचेत आणि दुसरं वर. लगेच आस वाकायला लागायचा. चाक बाहेर सरकवलं की भार दुसरीकडे जातो, हे त्या सुतार-लोहारांना न शिकता माहीत होतं.

मग आली डनलॉपची बंडी. जॉन बॉइड डनलॉपने हवेचा टायर केला तो १८८८ साली, मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. भारतात त्या कंपनीचा साहागंजचा कारखाना १९३६ चा. आपल्याकडे बैलगाडीलाही रबरी चाक लागलं आणि लोकांनी गाडीचंच नाव 'डनलॉप' करून टाकलं. ओझं जास्त, ओढायला हलकी, आवाज जवळजवळ नाही. बाबा सांगतात, त्यातच गोम होती. जुना आस घासायचा, तोच उतारावर ब्रेक व्हायचा. डनलॉप उतारावर बैलांच्या अंगावर यायची. आणि वंगण सुकलं तरी बेअरिंग गप्प. ते बोलायचं थेट जाम होतानाच.

मुकं चाक उशिरा सांगतं. माझ्या गाडीत मी रेडिओ लावून ते आणखी मुकं केलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. गेल्या महिन्यात बाबांच्या डोळ्यांसाठी नागपूरला निघालो होतो. वरोऱ्याच्या रस्त्याने, वर्धा नदीवरचा पाटाळ्याचा पूल यायचा होता. बाबांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबव गाडी. आवाज बदलला."

तो हात नसता तर मी थांबलो नसतो.

जॅक काढला. मागच्या डाव्या चाकाच्या चारपैकी दोन नट बोटांनी फिरत होते. उरलेले दोन पान्याने सोडवले, तर चार फेऱ्यांतच हातात आले. १२ मिलीमीटरच्या स्टडवर नटाची पकड निदान स्टडच्या जाडीइतकी हवी. आमच्या आट्यांच्या हिशेबाने नऊ-दहा फेरे. स्पेसरने १० मिलीमीटर खाल्ले होते आणि अलॉयचा जाड तळ आणखी थोडे. शिवाय मूळ रिमचं मधलं भोक हबच्या कडेवर नेमकं बसायचं. हे अलॉय पुष्कळ गाड्यांना चालावेत म्हणून भोक मोठं ठेवलेलं, आणि मधली रिंग कुणी टाकलीच नव्हती. सगळा भार चार अर्धवट नटांवर. एका नटाचं भोक लांबट झालं होतं.

तुमच्यापैकी कुणी चाकं बदलली असतील तर बाबांकडून आणि नंतरच्या एका समजूतदार मिस्त्रीकडून शिकलेलं सांगून ठेवतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रलला टाका. आवाज इंजिनबरोबर न उतरता वेगाबरोबर उतरला तर तो चाकांकडचा. मग हळू चालवत ठोके मोजा. लहान गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण दोन मीटर जातं, म्हणजे ताशी १० ला सेकंदाला दीडेक ठोका. तसा जुळला तर आधी नट पाहा. वेगाबरोबर वाढणारी घूं... आणि वळणावर तिचा सूर बदलला तर बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट्-कट् आली तर पुढच्या अ‍ॅक्सलचा जॉइंट. खड्ड्यात घस्स झालं तर टायर आतल्या पत्र्याला किंवा प्लॅस्टिकला लागतोय. आणि चाक काढून बसवलं की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्याने तपासायचे.

बाबांच्या ट्रकवर क्लीनर दर थांब्याला टामीने नट आणि टायर ठोकून पाहायचा. घट्ट नट खणकतो, ढिला बद्द वाजतो. लहानपणी मी तो ठोकण्याचा आवाज कितीदा ऐकलाय, पण तो कशासाठी हे कधी विचारलं नव्हतं.

असो. नागपूरची राहिलेली तारीख पुढच्या आठवड्यात आहे. या वेळी बाबा पुढच्या सीटवर बसणार आहेत. काचा खाली, रेडिओ बंद.