भांड्यांवर घातलेली नावे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि ताम्रपट येतात. ताम्रपट म्हणजे काय, तर कोणी, कोणाला, कधी आणि काय दिले याची तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नोंद. असे पाहिले तर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली एखादा ताम्रपट धूळ खात पडलेला आहे! आजीचा हंडा, आईची कळशी, पितळेचा डबा काढा आणि काठाखाली बोट फिरवून पाहा. तिथे नाव घातलेले असते.

हा विषय मुद्दाम घेण्याचे कारण असे की, भिलाईत आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आयुष्य कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेले. निवृत्ती झाली की क्वार्टर सोडायचे. मग कोणी नागपूरला फ्लॅट घेतो, कोणी मुलाकडे पुण्याला किंवा बंगळुरूला जातो. बांधाबांध सुरू झाली की पहिला प्रश्न जुन्या भांड्यांचा. "एवढे जड कशाला न्यायचे?" असे मुले विचारतात, आणि त्यांचेही काही चूक नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हंडा ठेवायचा तरी कुठे? शेवटी तांबे-पितळ मोडीत जाते. मोडवाला धातूचे वजन करून पैसे देतो. त्यावर काय लिहिले आहे हे तो वाचत नाही, आणि घाईत आपणही वाचत नाही.

भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत सोयीतून आली. पूर्वी लग्नमुंजीला, सत्यनारायणाला शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडी आणत. शंभर पाने उठल्यावर कोणते पातेले कोणाचे हे ओळखायचे कसे? म्हणून नाव. भांड्यांच्या दुकानापाशीच नाव घालणारा बसे. छिन्नी टेकवून बारीक हातोडीने एकेक टिंब मारीत तो अक्षर उमटवी. टिंबांची ती अक्षरे पुढे राख-चिंचेने कितीही घासली तरी सहसा जात नाहीत. नंतर विजेवर चालणारे यंत्र आले, काम सोपे झाले आणि अक्षरेही बारीक झाली.

भांडे आहेराचे असले की मजकूर वाढे. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तिथी किंवा सन. आमच्या घरी आजीचा तांब्याचा हंडा आहे. त्यावर शके १८५६, वैशाख असे आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे १९३४ साल. हंडा तिच्या मामांनी लग्नात दिलेला. त्यांचे नाव आहे, वर्धा जिल्ह्यातल्या गावाचे नाव आहे, आणि मुख्य म्हणजे आजीचे माहेरचे नाव आहे.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मला उशिरा कळले. आजी शाळेत गेली नाही, त्यामुळे शाळेचा दाखला नाही. जन्माची नोंद आम्हाला मिळाली नाही. लग्नात नाव बदलले आणि पुढचे सगळे कागद, रेशनकार्डापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत, सासरच्या नावाचे. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत ती ज्या नावाने वावरली, ते नाव आज जगात फक्त एका ठिकाणी लिहिलेले आहे. ते ठिकाण म्हणजे हा हंडा. उद्या तो मोडीत गेला, तर त्याबरोबर तेही वितळेल.

आपल्या वंशावळी पुरुषांच्या. शेतीचा सातबाराही बहुतेक त्यांच्याच नावाचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत वाटा मिळाला. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला जन्मतः हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ साल उजाडावे लागले. त्याआधीच्या बाईच्या नावावर काय होते? माहेरहून आलेले स्त्रीधन. त्यातले सोने अडीअडचणीला मोडले गेले. भांडी मात्र बऱ्याच घरांत टिकली. म्हणून आपल्या पणज्या-आज्यांचा इतिहास शोधायचा तर कपाटातल्या कागदांआधी स्वयंपाकघर धुंडाळावे.

या भांड्यांवर देशाच्या बदलांच्याही खुणा आहेत. आमच्या हंड्याच्या बुडाशी वजन कोरलेले आहे, ५ शेर. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्या हिशेबाने हंडा ४ किलो ६६५ ग्रॅमचा. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. तरीही चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची मापे घराघरांत राहिलीच. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. इथल्या खेड्यांत धान मोजायला काठा वापरत, त्याचा आणि आपल्या पायलीचा हेतू एकच.

माझे वडील १९५८ मध्ये वर्ध्याहून भिलाईला आले. त्यांच्या शाळेच्या भूगोलात वर्धा आणि दुर्ग एकाच मध्यप्रांतात होते, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला दोन जिल्हे दोन राज्यांत गेले, आणि दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला गेलेला माणूस परप्रांतीय झाला! सोव्हिएत मदतीने उभारलेल्या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला झाले. पुढच्या वर्षी आई बिऱ्हाड घेऊन आली, तेव्हा सोबत हा हंडा होता.

पुढे स्टेनलेस स्टील आले. पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून वरचेवर कल्हई लावावी लागे. नवसागराचा पांढरा धूर, भाता आणि कथिलाचा चकचकीत हात अनेकांना आठवत असेल. स्टीलला हे काही लागत नाही. नोकरी-घर सांभाळणाऱ्या बायकांची त्याने मोठी सुटका केली, हे मान्य केलेच पाहिजे. गंमत म्हणजे आपण पोलादाच्या गावचे, पण आपली भिलाई रूळ आणि प्लेटा काढते. भांड्यांचे स्टील आपले नव्हे.

स्टीलवरही नावे आली. वडिलांना १९८९ मध्ये निरोप देताना त्यांच्या शॉपमधल्या सहकाऱ्यांनी स्टीलचा मोठा डबा दिला. त्यावर अकरा नावे आहेत, देवनागरीत घातलेली. त्यात तेलुगू आहेत, बंगाली, मल्याळी, पंजाबी, छत्तीसगडी आहेत. नातेवाईक दूर असताना आजारपणात रात्र जागवणारी आणि आमच्या गणपतीत आरतीला टाळ वाजवणारी ही माणसे. आजीच्या हंड्यावर माहेर आहे, तर या डब्यावर भिलाई आहे. आमच्या घराच्या इतिहासाला दोन्ही लागतात.

सगळी भांडी जपा असे माझे म्हणणे नाही. ते शक्य नाही. पण मोडीत देण्यापूर्वी एवढे करा. भांड्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासा, अक्षरे कागदावर उमटतात. मोबाइलने फोटो घेणार असाल तर उजेड एका बाजूने पडू द्या. मग वहीत भांड्याचे नाव, धातू, मजकूर जसाच्या तसा, देणारा कोण, घेणारी कोण आणि प्रसंग कोणता हे लिहा. माहिती घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला विचारा, आणि यंदाच विचारा. ती गेली की अक्षरे राहतील, पण ती कोणाची हे सांगणारे कोणी उरणार नाही.

गौरी-गणपतीसाठी समई, ताम्हण, पंचपात्र, मोठी परात सगळे बाहेर निघते. घासताना बोटाला टिंबे लागली तर क्षणभर थांबून ती वाचा आणि शेजारी बसलेल्या नातवंडालाही वाचायला लावा. मराठी अक्षरे त्याला हिंदी शाळेतही येतातच, नात्यांची नावे मात्र आपणच शिकवायची आहेत.

गणपती बाप्पा मोरया!