संगणक कक्ष आणि ३० अंशांचा साइन

वाशीला लोकल आली १९९२ साली आणि आपल्या शाळेत संगणक आले त्याच्या पुढच्या वर्षी. आपण आठवीत होतो. चप्पल-बूट बाहेर काढायचे, एका यंत्रासमोर चौघांनी बसायचं आणि कळफलकाला हात लावण्यावरून भांडायचं. अख्ख्या शाळेत एसी तेवढ्याच खोलीत होता, हे कोणी विसरलं नसेल.

देशात शाळांमध्ये संगणक त्याआधीच पोहोचले होते. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक दिले. मेमरी ३२ केबी. आज मोबाईलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. उद्देश होता संगणक-साक्षरतेचा. मुलांची यंत्राशी ओळख व्हावी, भीती जावी. हेतू चांगलाच होता, पण पुढे सगळीकडे संगणक हा स्वतंत्र विषय होऊन बसला, असं मला वाटतं. तास वेगळा, वही वेगळी. गणित-विज्ञानाशी त्याचं देणंघेणं नाही. आपणही संगणकाच्या पिढ्या आणि लघुरूपांचे विस्तार पाठ करून पेपर लिहिलेच की!

अपवाद गणिताच्या बाईंचा. दहावीत त्रिकोणमिती सुरू असताना त्या एकदा आपल्याला संगणक कक्षात घेऊन गेल्या. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये ३० चा साइन काढायला सांगितला. उत्तर अर्धा यायला हवं, हे शेवटच्या बाकालाही माहीत होतं. पडद्यावर आलं उणे ०.९८८. यंत्र बिघडलं म्हणून केवढा गलका झाला!

बाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं आणि त्रिज्येएवढा दोरा परिघावर धरला. केंद्राशी झालेला कोन म्हणजे एक रेडियन, साधारण ५७ अंश. यंत्राला अंश कळत नाहीत, ते रेडियन धरून चालतं. रेडियन खरं तर आपल्याला अकरावीत भेटायचा होता.

मग ३० ला पायने गुणून १८० ने भागलं. पायची किंमत अर्थातच २२/७, आपल्याला दुसरी कुठे ठाऊक होती? उत्तर ०.५००१८. ३.१४ घातल्यावर ०.४९९७७. एकाच पायची दोन उत्तरं, आणि दोन्ही किंचित चुकीची. इतकी वर्षं आपण ज्याला पाय म्हणत होतो, तो पायच्या जवळचा एक अपूर्णांक निघाला. फॉर-नेक्स्टचं चार ओळींचं वेटोळं लिहून आपण ० ते ९० अंशांचा तक्ता काढला आणि लॉग टेबलशी ताडून पाहिला. चौथ्या दशांश स्थळावरून झालेली भांडणं मला आजही आठवतात.

पुढे आपल्यापैकी काहींनी अकरावी-बारावीला २०० गुणांचं बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलं, तिथे ८०८५ मायक्रोप्रोसेसर भेटला. २००१ नंतर एमएस-सीआयटी आलं आणि वर्ड-एक्सेल गावोगावी गेलं. मी इंजिनिअर झाले, पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहू लागले. पण यंत्राचं उत्तर आधी कागदावर ताडून पाहायची सवय कॉलेजात लागलेली नाही, ती त्या दोन दिवसांतली.

गेल्या वर्षी लेकीने एक्सेलमध्ये ३० चा साइन काढला आणि आतल्या खोलीतून ओरडली, “आई, हे बिघडलंय!” मी स्वयंपाकघरातून दोरा शोधत बाहेर आले.