पडद्यावरचे डबे

मागच्या रविवारी माळा आवरताना जुन्या डीव्हीडींची एक चळत सापडली. त्यातल्या एकीवर मार्करने, माझ्याच गिचमिड अक्षरात लिहिलं होतं : 'म्हसवड - घोस्ट - फायनल - हीच वापरणे'. ज्यांनी कधी ऑफिसातले संगणक बसवले आहेत त्यांना 'फायनल' आणि 'हीच वापरणे' या शब्दांमागचं दुःख सांगायला नको. आधीच्या 'फायनल'ने दगा दिल्याशिवाय कुणी असं लिहीत नाही.

गोष्ट २००६ सालची. म्हसवड सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, सातारा-पंढरपूर रस्त्यावर. एसटीने कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले करत गेलं की माणगंगेच्या काठी हे गाव येतं. सिद्धनाथाचं ठाणं आणि पाचवीला पुजलेला दुष्काळ. तिथल्या एका पतसंस्थेत दहा संगणक चालू करून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. शनिवारी पोचायचं, रविवारी बसवायचं, सोमवारी सकाळी काउंटर उघडायचं. त्यात भारनियमन, म्हणजे वीज असेल तेवढ्यातच काय ते उरकायचं.

मी हुशारी केली. पुण्यात एक संगणक नीट तयार केला, विंडोज एक्सपी, ऑफिस, संस्थेचं सॉफ्टवेअर, सगळं. मग त्याच्या हार्ड डिस्कची प्रतिमा, म्हणजे इमेज, काढली. गणपतीच्या साच्यासारखं आहे हे, एक साचा करायचा आणि त्यातून दहा मूर्ती काढायच्या. या कामाचं त्या काळचं लाडकं हत्यार म्हणजे घोस्ट. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मरे हॅझर्ड यांनी १९९५ च्या सुमाराला ते लिहिलं आणि १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतलं. एका संगणकाला तीन-चार तास लागायचे तिथे पंधरा-वीस मिनिटांत काम. आमच्या धंद्यात तेव्हा सगळे एकाच गोष्टीला घाबरायचे : प्रत्येक प्रतीचा सुरक्षा क्रमांक, म्हणजे एसआयडी, एकच राहिला तर काय? त्यासाठी सिसप्रेप चालवायचं, न्यूएसआयडी चालवायचं. पुढे २००९ मध्ये न्यूएसआयडी लिहिणाऱ्या मार्क रुसिनोविच यांनीच सांगितलं की ती भीती बहुतांशी अनाठायी होती. सिसप्रेप हवंच, पण त्याची कारणं दुसरी. असो. आम्ही ज्याला घाबरत होतो त्याने काही केलं नाही. दगा दिला पडद्याने.

रविवारी दुपारपर्यंत दहाही यंत्रांवर साचा उतरला. आठ यंत्रांवर विंडोज उघडलं ते असं की चित्रं थाळीएवढी, रंग फिकट, आणि अर्धी खिडकी पडद्याबाहेर. उरलेल्या दोघांवर काळ्या पडद्यात 'आउट ऑफ रेंज' एवढेच शब्द. आणि दहाही पडदे पुढे ठीक झाल्यावर कळलं की मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आहेत. संस्थेचे शिपाईकाका मागे उभे होते. म्हणाले, "सायेब, हे समदे डबेच दिसत्यात की!"

या तिन्ही दुखण्यांना मी त्या दिवशी एकच नाव दिलं होतं, 'डिस्प्लेचा प्रॉब्लेम'. तीच पहिली चूक. ती तीन वेगवेगळी दुखणी होती आणि प्रत्येकाचं मूळ वेगळ्या सालात होतं.

पहिलं दुखणं १९८७ सालचं. त्या वर्षी आयबीएमने आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं. ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग. पुढे शेकडो कंपन्यांनी आपापली ग्राफिक्स कार्डं काढली, पण व्हीजीए समजत नाही असं कार्ड काढायची कुणाची छाती झाली नाही. त्यामुळे विंडोजला समोरचं कार्ड ओळखता आलं नाही की ते हा सगळ्यांना ठाऊक असलेला जुना रस्ता धरतं आणि मोजक्या ठिपक्यांत निदान काहीतरी दाखवतं. माझ्या साच्यात पुण्यातल्या मदरबोर्डचा ड्रायव्हर होता, म्हसवडच्या आठ यंत्रांचा मदरबोर्ड निराळा. म्हणजे थाळीएवढी चित्रं हा बिघाड नव्हताच. ओळख पटली नाही तरी दार उघडून आत घेण्याची ती रीत होती. उपाय सोपा निघाला. मॅनेजरसाहेबांनी खोक्यांसकट सगळ्या सीड्या कपाटात जपून ठेवल्या होत्या. ड्रायव्हर घातला, पडदा सुधारला.

दुसरं दुखणं १९९४ सालचं. तोपर्यंत मॉनिटर मुका होता, आपल्याला किती झेपतं हे तो संगणकाला सांगू शकत नव्हता. त्या वर्षी व्हेसा या संस्थेने ईडीआयडी नावाची पद्धत ठरवली. मॉनिटरने आपल्या क्षमतेची छोटी यादी जवळ ठेवायची आणि केबलच्या दोन पिनांमधून, बाराव्या आणि पंधराव्या, ती संगणकाला द्यायची. माझी दोन यंत्रं नेमकी पुण्यातल्याच मदरबोर्डची होती. त्यामुळे तिथे ड्रायव्हर बरोबर बसला आणि त्याच्यासोबत माझ्या पुण्यातल्या मॉनिटरचं सेटिंगही आलं, १२८० बाय १०२४ आणि सेकंदाला ८५ वेळा. समोर होते चौदा इंची जुने सीआरटी मॉनिटर. ते आपली यादी देत नव्हते आणि विंडोजने विचारायचं सोडून जुनंच पुढे रेटलं. 'आउट ऑफ रेंज' हे शब्द संगणकाचे नसतात, ते मॉनिटर स्वतः म्हणत असतो. मला नाही झेपत बाबा! हे कळायला मला तास लागला. तोवर मी दोन्ही यंत्रं उघडून रॅम काढून-घालून बघत बसलो होतो. शेवटी चालू करताना एफ८ दाबून 'एनेबल व्हीजीए मोड' निवडलं, सेटिंग खाली आणलं, काम झालं.

गंमत बघा. जिथे हार्डवेअर जुळत नव्हतं तिथे निदान काहीतरी दिसत होतं. जिथे अगदी तंतोतंत जुळलं तिथे काहीच दिसेना.

आता तिसरं दुखणं, डब्यांचं. याचा इतिहास आपल्या घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

संगणकावर देवनागरी दाखवण्याचे मोठे प्रयत्न १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये झाले. त्यातून जिस्ट हे तंत्र आलं आणि पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झाल्यावर ते तिथे वाढलं. जिस्टचं चक्क एक कार्ड मिळायचं. ते संगणकात खोचलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटायची. पडद्यावरच्या मराठीसाठी लोखंड विकत घ्यावं लागायचं! पाठोपाठ भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण आलं. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली गेली.

पण विंडोजच्या जमान्यात बाजार दुसऱ्याच वाटेने गेला. साध्या फाँटमध्ये २५६ घरं. तिथली इंग्रजी अक्षरं काढून मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे, काना इथे, अर्धा क तिथे. श्री-लिपी आणि तिच्यासारख्या पॅकेजांनी मराठी छपाई डीटीपीवर आणली ती अशी, आणि ते उपकार मोठे आहेत. पण कुठल्या घरात काय ठेवायचं हे ज्याचं त्याने ठरवलेलं. फाँट नसला की 'पाटील'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा.

युनिकोडने हा घोळ मिटवला, पण एक नवी अट घातली. तिथे र्‍हस्व इकार व्यंजनाच्या नंतर साठवतात आणि पडद्यावर आधी दाखवतात. जोडाक्षरंही जागच्या जागी जुळवावी लागतात. म्हणजे फाँट हवा आणि जुळणी करणारा कारागीरही हवा. विंडोज २००० मध्ये हा कारागीर, युनिस्क्राइब, हिंदी-मराठीसाठी कामाला लागला आणि त्याच्या जोडीला प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फाँट आला. एक्सपीतही दोघे होते, पण सीडीत! कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात खूण करायची, मग एक्सपी त्या सीडीवरच्या आय३८६ फोल्डरमधून फाइली उचलायचा. खूण केली नाही तर डबे.

मी साचा करताना ती खूण केली नव्हती. मराठी नावं मी तपासली होती, पण माझ्या नेहमीच्या संगणकावर, जिथे ती खूण कधीच केलेली होती. साच्यावर फक्त इंग्रजीत सगळं चालतं का ते पाहिलं. आणि सीडी पुण्याला राहिली.

संध्याकाळी मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, "उद्यापुरती नावं इंग्रजीत ठेवूया का?" ते काही बोलले नाहीत. त्यांनी सभासदांच्या सह्यांचं रजिस्टर समोर ठेवलं. "वाचा," म्हणाले. सावकाश काढलेल्या, शिरोरेषा सोडून चाललेल्या सह्या. "यातल्या निम्म्या बाया चाळिशीनंतर सही शिकल्यात. पावती घेतली की आधी नाव वाचून बघतात, आकडा नंतर. इंग्रजी दिली तर परत अंगठाच की हो."

म्हसवडमध्ये हे वाक्य ऐकायला एक पार्श्वभूमी आहे. याच गावात १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका शिकायला बसल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्रावर करावा, असं त्यांनी सुनावल्याचं चेतनाताईंनी पुढे अनेक भाषणांत सांगितलं आहे. परवाना मिळाला. ज्या गावात अक्षर असं झगडून मिळवलेलं, तिथे मी एका विसरलेल्या खुणेमुळे डबे दाखवत होतो.

शेवटी गावातल्या एमएस-सीआयटीच्या क्लासवाल्यांनी रात्री नऊला दुकान उघडून सर्व्हिस पॅक २ ची सीडी दिली. मी दहा यंत्रं दुरुस्त करत बसलो नाही. एकच दुरुस्त केलं, पडद्याचं सेटिंग साधं ठेवलं, 'स्त्री', 'कृष्णा', 'गोऱ्हे' अशी अवघड नावं त्यावर वाचून पाहिली, त्याचा नवा साचा काढला आणि तो परत सगळीकडे उतरवला. आठांना ड्रायव्हर पुन्हा घालावा लागला, ते घातले. पहाटे डीव्हीडीवर लिहिलं, 'हीच वापरणे'.

व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, कारागीर आपोआप हजर असतो, खूण लागत नाही. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला. मग हे सगळं जुनं झालं? पूर्ण नाही. विंडोज १० पासून मंगल फाँट मूळ साच्यात नसतो, तो 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' म्हणून वेगळा घ्यावा लागतो. त्याच्याविना मराठी दिसते, पण दुसऱ्या फाँटमध्ये, आणि जुन्या मंगलमधल्या पत्राच्या ओळी सरकतात. छापील पावतीवर नाव एका रकान्यातून दुसऱ्यात जातं.

तेव्हा कुणी साचे उतरवत असाल तर एवढं लक्षात ठेवा. चित्रं मोठी दिसली तर ड्रायव्हर बघा. पडदा काळा आणि मॉनिटर बोलतोय, तर सेटिंग खाली आणा. इंग्रजी चिवडा दिसला तर जुना फाँट हरवलाय. डबे दिसले तर फाँट नाही. इकार चुकीच्या बाजूला दिसला तर फाँट आहे, कारागीर नाही. आणि साचा तपासायचा तो ज्या गावी जायचा आहे तिथल्या नावांनी.

सोमवारी साडेदहाला काउंटर उघडलं. पहिल्या आजींनी पावती घेतली, लांब धरली, ओठ हलवत नाव वाचलं आणि घडी करून कनवटीला लावली. आकडा त्यांनी पाहिलाच नाही. मी दुपारची एसटी पकडली.

ती डीव्हीडी आता चालत नाही, चरे पडलेत. पण टाकवत नाही. चला, माळा अजून अर्धा आवरायचाय. भेटू पुढच्या शनिवारी.